दुर्बिणीचा फोकस आपल्या डोळ्याला आणि बोटाला कसा लावायचा

मागच्या हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आप्पांनी माझी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मिनिटभरात खाली घेतली. "धुरकट दिसायलंय गं. बिघडली की काय तुझी?" समोर तीस-पस्तीस मीटरवर धाविक उभा होता. चार पावलं तुरुतुरु पळायचं, थांबायचं, मान ताठ करायची आणि थांबला की मातीत विरघळून जायचं, असा हा पक्षी. मला त्याच्या डोळ्यावरची पांढरी पट्टी आणि तिच्याखालची काळी रेघ वेगवेगळी दिसत होती. आप्पांना त्याच काचांमधून एक तपकिरी डाग दिसत होता.

दुर्बीण ठणठणीत होती. फक्त ती माझ्या डोळ्यांना लावलेली होती, त्यांच्या नाही.

१९७९ साली माळढोकसाठी राखलेल्या या माळावर आता माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. पण काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल, थंडीतले भोवत्या हे शिकारी पक्षी यांच्यासाठी बार्शी रोडने माणसं अजून येतात. त्यांच्यातल्या किती जणांच्या गळ्यातली दुर्बीण खरोखर त्यांच्या डोळ्यांना लावलेली असते, हे मी गेली काही वर्षं विचारत आलेय. फार थोड्यांची असते. घेताना सगळे पट, म्हणजे किती पटीने मोठं दिसतं ते विचारतात, काचेचा आकार विचारतात, किंमत विचारतात. फोकसचं चाक कुठल्या बाजूला फिरतं, किती फिरतं, किती जड आहे, हे कोणी विचारत नाही. दिवसभर बोट मात्र त्या चाकावरच असतं.

आधी काचा डोळ्यांसमोर आणा

ही पायरी मिनिटाची आहे, पण ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. दुर्बिणीच्या दोन नळ्या मधल्या बिजागरीवर उघड-मीट करा. दोन गोल एकमेकांवर चढून एकच स्वच्छ गोल दिसला की थांबा. बिजागरीवर आकडे असतील तर आपला आकडा लक्षात ठेवा.

मग आयकप, म्हणजे डोळ्यांकडच्या काचांभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या कड्या. चष्मा न घालणाऱ्याने ते पूर्ण वर काढायचे, चष्मा लावून बघणाऱ्याने पूर्ण खाली बसवायचे. चष्मेवाल्यांनी दुर्बीण घेताना काचेपासून डोळा किती लांब ठेवता येतो ते विचारावं. १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि माणूस त्याला फोकसचा दोष समजतो.

आप्पांच्या बाबतीत निम्मी भानगड चष्म्यातच होती. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून वाचायचं. पक्षी जमिनीवर म्हणून ते हनुवटी उचलून, डोळे खाली करून बघत होते. म्हणजे दुर्बीण वाचनाच्या नंबरासमोर. अशा चष्म्याला हनुवटी किंचित छातीकडे घ्यायची आणि काचेच्या वरच्या भागातून बघायचं. किंवा चष्मा काढूनच बघायचं, त्याबद्दल पुढे सांगते.

डायॉप्टर: इथे घाई करू नका

आपले दोन डोळे सारखे नसतात. मधलं चाक दोन्ही नळ्यांचा फोकस एकदम बदलतं, तर डायॉप्टरची कडी एकाच नळीचा. ती बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याच्या काचेभोवती असते, काहींत डाव्या, तर काही महागड्या दुर्बिणींत मधल्या चाकातच दडलेली असते आणि चाक वर ओढल्यावर हाताला लागते. दोन डोळ्यांमधला फरक तिथे एकदा नोंदवून टाकायचा. मग दिवसभर फक्त मधलं चाक.

सकाळची वेळ धरा. पन्नास ते शंभर मीटरवरची, काळ्या-पांढऱ्या कडा असलेली एक वस्तू निवडा. मी पूर्वी गच्चीवरून कुमठ्याच्या साखर कारखान्याची चिमणी धरायचे. ती जून २०२३ मध्ये पाडली गेली. आता गल्लीच्या टोकाच्या दुकानाची मराठी पाटी धरते, आणि खरं सांगायचं तर पाटी चिमणीपेक्षा कितीतरी चांगली. देवनागरीत शिरोरेखा आडवी आणि काना उभा. दोन्ही एकदम काळेशार आणि धारदार दिसले पाहिजेत. शिरोरेखा स्पष्ट आणि काना पुसट, किंवा उलट, असं कितीही चाक फिरवून होत राहिलं तर डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे आडव्या आणि उभ्या रेघांचा नंबर वेगळा. तो दुर्बिणीच्या कुठल्याच चाकाने जात नाही. तुम्ही चष्मा लावूनच बघायचं.

समजा कडी उजवीकडे आहे. मग उजव्या नळीच्या पुढच्या काचेवर तळहात धरा. डोळा मिटू नका. एक डोळा मिटला की दुसऱ्याच्या भोवतीचे स्नायूही आवळतात आणि माप चुकतं. दोन्ही डोळे उघडे, चेहरा सैल.

आता मधलं चाक आधी मुद्दाम जवळच्या फोकसकडे न्या, पाटी पूर्ण धूसर होऊ दे. तिथून हळूहळू लांबच्या फोकसकडे आणा आणि अक्षरं पहिल्यांदा धारदार झाली की तिथेच थांबा. पुढे जाऊ नका. डोळ्यातलं भिंग स्वतःही फोकस करतं. लांबच्या बाजूला जास्त गेलात तरी तरुण डोळा जोर लावून ते चित्र सांभाळून घेतो, स्पष्टही दाखवतो, आणि तासाभराने कपाळ दुखायला लागतं. जवळच्या बाजूने येताना डोळ्याला ही मदत करताच येत नाही. म्हणून तिथे जो पहिला स्पष्ट बिंदू मिळतो, तो आरामातल्या डोळ्याचा.

मग तळहात डाव्या नळीवर. मधल्या चाकाला हात लावायचा नाही. कडी आधी अधिकच्या टोकाला न्या, तिथून उण्याकडे या, आणि पुन्हा पहिल्या धारेला थांबा. कडी कुठे आली ते बघा. हेच तीनदा करा. तीन वेळा तीन जागा येतात, बिचकू नका, मधली धरा. शेवटी दोन्ही डोळ्यांनी आधी दहा-पंधरा मीटरवरचं झाड आणि मग अर्ध्या किलोमीटरवरची पाण्याची टाकी बघा, मधलं चाक फिरवून. दोन्हीकडे दोन्ही डोळ्यांना सारखंच धारदार दिसलं तर काम झालं.

जागा सापडली की नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका लावून ठेवा. कडी सैल असेल तर पिशवीतून काढताना घासून ती सरकते. माझ्या पहिल्या दुर्बिणीची कडी अशीच सरकायची. नान्नजहून परत येताना एसटीत डोकं धरून बसायचे आणि उन्हाला दोष द्यायचे. दोन वर्षं हेच चाललं. इन्सुलेशन टेपचा एक पट्टा गुंडाळला आणि डोकेदुखी थांबली.

चाक कुठल्या बाजूला

लांबचं बघायला काही दुर्बिणींचं चाक उजवीकडे फिरवावं लागतं, काहींचं डावीकडे. यात बरोबर-चूक काही नाही. पण एकदा बोटाला वळण लागलं की ते सुटत नाही. एका थंडीत मी मैत्रिणीची दुर्बीण घेऊन माळावर गेले होते. भोवत्या गवताला घासत समोरून आला, बोट सवयीने फिरलं ते उलट्या बाजूला. धूसर होतं ते आणखी धूसर झालं, आणि चूक लक्षात येईपर्यंत पक्षी बांधापलीकडे. भोवत्या मादी होती की वयात न आलेला नर, हे मला कधीच कळणार नाही.

आपला कल कुठे आहे ते तपासायला एक साधा प्रयोग करा. अनोळखी दुर्बीण हातात घ्या, चाक कुठेतरी मध्ये ठेवा, डोळ्यांना लावा आणि कोणाला तरी "लांब!" किंवा "जवळ!" असं ओरडायला सांगा. विचार न करता बोट पहिल्यांदा कुठे गेलं ते मोजा. वीस वेळांत पंधरा-सोळा वेळा एकाच पद्धतीने गेलं तर तो तुमचा कल, त्याच बाजूची दुर्बीण घ्या. दहा-दहा आलं तर तुम्ही कुठल्याही बाजूला रुळाल. घरात दोन दुर्बिणी असतील तर मात्र दोन्ही एकाच दिशेच्या असू द्या, एवढं मी आग्रहाने सांगेन.

किती फिरतं

काही चाकं टोकापासून टोकापर्यंत अर्ध्या ते एका वेढ्यातच संपतात. काहींना दीड-दोन वेढे लागतात. दुकानात पहिलं चाक भुरळ घालतं, कारण टेबलावरून खिडकीबाहेर क्षणात जाता येतं. इथे थोडं गणित करू या.

समजा दुर्बीण २ मीटरपासून क्षितिजापर्यंत फोकस करते. फोकसचं भिंग किती सरकतं ते अंतराच्या उलट प्रमाणात असतं. २ मीटरला अर्धा, २० मीटरला एक विसांश. म्हणजे चाकाच्या एकूण प्रवासातला ढोबळमानाने नव्वद टक्के भाग २ ते २० मीटरच्या आतच खर्च होतो. २० मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं जग उरलेल्या दहा टक्क्यांत. दीड वेढ्याच्या चाकावर हा भाग साधारण ५४ अंश येतो. अर्ध्या वेढ्याच्या चाकावर जेमतेम १८ अंश, बोटाची एक थरथर.

आपला माळ म्हणजे हाच दहा टक्क्यांचा प्रदेश. धाविक तीसवर, काळवीट दोनशेवर, लांडगा दिसलाच तर त्याहून लांब. इथे वेगवान चाक पक्ष्याच्या पुढे-मागे उड्या मारत राहतं, नेमकं त्याच्यावर थांबत नाही. म्हणून माळासाठी आणि तलावासाठी माझं मत सावकाश चाकाला, सव्वा ते दीड वेढा. फुलपाखरं, चतुर, बागेतले शिंजीर बघणाऱ्याला उलट. त्याचं सगळं काम २ ते १० मीटरमध्ये, तिथे सावकाश चाकाने बोट दमतं. दोन्ही करणाऱ्याने आपण वर्षातले जास्त दिवस कुठे असतो ते आधी मनाशी धरावं.

सावकाश चाकाला एक सवय जोडून घ्या. चालताना दुर्बीण नेहमी चाळीसेक मीटरवर लावून ठेवायची. माळावर बहुतेक काही उठतं ते तेवढ्याच अंतरावरून, आणि मग बोटाला टिचभरच काम राहतं.

वय, पट आणि बोटाचे कष्ट

माझा भाचा बाराचा. तो चाकाला क्वचितच हात लावतो आणि त्याला सगळं स्पष्ट दिसतं. आप्पा सतत चाक फिरवत असतात. दोघांच्या हातात तीच ८×४२, म्हणजे ८ पट आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची.

हे समजून घ्यायला सोपा हिशोब आहे. पट स्वतःशीच गुणा: ८ पटीला ६४, १० पटीला १००. डोळ्यातलं भिंग किती डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं तेच माप) स्वतः सांभाळू शकतं, त्याने भागा. दुर्बीण क्षितिजावर लावली असता उत्तराइतक्या मीटरपासून पुढचं सगळं चाक न हलवता स्पष्ट दिसतं. शाळकरी मुलाचा डोळा ५ डायॉप्टर सहज सांभाळतो, म्हणजे ८ पटीत सुमारे १३ मीटर, १० पटीत २०. पन्नाशीच्या आसपास २ धरा: ३२ आणि ५० मीटर. साठीनंतर १ धरा: ६४ आणि १०० मीटर.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माणसाने कोणाचं ऐकून १० पट घेण्याआधी चार वेळा विचार करावा. मोठं दिसतं हे खरं, पण चाक सारखं फिरवावं लागतं आणि हाताचा कंपही मोठा होतो. तरुणांनी १० पट खुशाल घ्यावी. मी स्वतः ८ वर समाधानी आहे, आणि आप्पांसाठी घेतली असती तर ७ पट शोधली असती.

संध्याकाळी फोकस अवघड होतो तो आणखी एका कारणाने. भर उन्हात डोळ्याची बाहुली बारीक होते, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. अंधारू लागलं की बाहुली मोठी होते आणि तीच चूक दिसायला लागते. तेव्हा चाक आणखी सावकाश फिरवा.

लांबचा नंबर असलेल्यांनी चष्मा काढून बघायचं असेल तर रात्री चंद्रावर एक चाचणी घ्यावी. चाक लांबच्या टोकाकडे नेत जा. चंद्राची कड आधी धारदार व्हायला हवी, आणि त्यानंतरही चाक थोडं पुढे जाऊन पुन्हा धूसर व्हायला हवं. चाक अडलं आणि कड अजून मऊच असेल तर त्या दुर्बिणीत तुमच्या नंबरापुरती जागा नाही. घेऊ नका, किंवा चष्म्यासकट वापरा.

जड की हलकं, आणि कुठलं बोट

चाक एका बोटाने फिरलं पाहिजे, पण दुर्बीण छातीवर आदळली म्हणून आपोआप सरकता कामा नये. मला किंचित जड चाक आवडतं. हलक्या चाकावर नेमकी धार सापडते आणि बोट उचलताना निसटते. मात्र सांधे दुखणाऱ्यांना जड चाक तासाभरात नको होतं, त्यांनी हलकंच घ्यावं.

सगळ्यात वाईट म्हणजे चाकातला खेळ. दिशा बदलताना चाक फिरतं आणि चित्र क्षणभर हलतच नाही. बोटाने तो चटकन कळतो. असा खेळ असलेली दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी परत करा.

तर्जनी की मधलं बोट, हे हाताच्या मापावर. दुर्बीण नेहमीसारखी धरा, बोटं खाली टेकू द्या. जे बोट न ताणता चाकावर पडतं ते तुमचं. माझा हात लहान, चाक डोळ्यांच्या बाजूला सरकलेलं असेल तर तर्जनी, पुढे असेल तर पकडच बदलावी लागते. डावखुऱ्यांना फारशी अडचण नसते, चाक मधोमध असतं.

आणि माळावर कडक भाकरी-शेंगाचटणी खाल्ल्यावर बोटं पुसूनच चाकाला हात लावा. चटणीचं तेल चाकाच्या खाचांत बसतं, त्यावर माळाची बारीक माती चिकटते, आणि महिन्याभरात चाक करकर करायला लागतं. जुना टूथब्रश कोरडाच फिरवला की निघतं. तेल सोडायचं नाही, पाण्याखाली धरायचं नाही.

चाक नसलेल्या दुर्बिणी

"फोकस करायची गरज नाही" असं सांगून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणी एकाच अंतरावर लावलेल्या असतात, बाकी सगळं काम तुमच्या डोळ्यातल्या भिंगाकडून करून घेतात. क्रिकेटच्या मैदानावर तरुणाला चालून जातं. चाळिशीनंतर त्या घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही डोळ्यांच्या काचा वेगवेगळ्या फिरवून लावायच्या दुर्बिणी मात्र चांगल्या वस्तू आहेत, बहुतेक ७×५० मापाच्या आणि समुद्रावर वापरायला बनवलेल्या. एकदा लावल्या की लांबचं सगळं स्थिर राहतं. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर दूरच्या पट्टकदंब हंसांचे थवे किंवा गच्चीवरून तारे बघायला उत्तम. धाविकाच्या मागे धावायला नाही.

चाकाने न सुटणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, आपलं ऊन. मार्चनंतर दहा वाजले की माळावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बीण ती थरथरही मोठी करून दाखवते. लोक चाक फिरवत राहतात, चित्र उकळत राहतं. चाक सोडा. सकाळी साडेसहाला या किंवा जवळचं बघा.

दुसरी, एकाच्या जागी दोन दिसणं. वीजतारेसारखी आडवी रेघ बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. तार दोन नळ्यांत वर-खाली तुटलेली दिसली तर आतली प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे, हलली आहेत. हे काम कारागिराचं.

सराव आणि वाटून वापरणं

नवीन दुर्बीण घेतल्यावर पहिला रविवार सिद्धेश्वर तलावावर घालवा. काठावरचा कठडा, मधलं मंदिर, पलीकडची किल्ल्याची भिंत, या तीन अंतरांवर चाक पुढे-मागे न्या, पन्नास वेळा. डोळे न काढता. बोटाला अंतरं पाठ होतात.

मग थंडीत तुळजापूर रोडने हिप्परग्याला जा. १८७१ साली पूर्ण झालेल्या त्या एकरुख तलावावर हळदी-कुंकू बदकं असतात. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. बदक सापडलं की आधी हळद दिसते. तिथे समाधान मानू नका, चाक केसभर हलवा, कुंकवाचा ठिपका काठासकट उमटेपर्यंत.

आमच्या घरात आता एका दुर्बिणीवर तीन ठिपके आहेत: आप्पांचा लाल, माझा पांढरा, भाच्याचा निळा. हातातून हातात देताना कडी आपल्या ठिपक्यावर आणायची, बिजागरी आपल्या आकड्यावर, मग डोळ्यांना. त्यानंतर हिप्परग्याला आप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी दुर्बीण न काढताच म्हणाले, "कुंकू दिसलं गं."